इंजिन जर्मन वळणाचं की अमेरिकी? चाकं आणि जोड पाहा, लगेच कळेल!

साईनगर शिर्डी स्थानकात रूळ संपतात. त्यामुळे इंजिनाने ओढत आणलेली गाडी परत न्यायची, तर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. पुढच्या वेळी शिर्डीला गेलात तर हे जरूर पाहा. प्लॅटफॉर्मवरूनच, रुळांत उतरून नाही!

डब्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या तबकड्यांसारखे बफर आणि मध्ये हुकात अडकवून स्क्रूने आवळलेली कडी दिसली, तर ती युरोपची पद्धत. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांचा आराखडा मूळचा स्वित्झर्लंडचा, आणि त्यांनाही हाच जोड. युरोपातल्या बहुतेक मालगाड्या आजही असाच जोड वापरतात.

दोन माणसांनी वाकवलेली बोटं एकमेकांत अडकवावीत, तसा लोखंडी पंजा दिसला तर तो सेंटर बफर कपलर, म्हणजे सीबीसी. मूळ अमेरिकेचं. एलाय जॅनी यांनी 1873 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे लाल एलएचबी डबे जर्मन आराखड्याचे, पण आपल्याकडे त्यांना जोड हा अमेरिकी वळणाचा.

मग इंजिनाचं काय? त्याला दोन्ही प्रकारचे डबे ओढायचे असतात. म्हणून आपल्या बहुतेक इंजिनांवर पंजाही असतो, स्क्रूची कडीही आणि बाजूला बफरही. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर टाइप-सी आणि जुनी पिन एकाच चार्जरवर!

शंटिंगचं इंजिन कसं ओळखाल?

इंजिनावर डब्ल्यूडीएस लिहिलेलं असेल तर डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग. जर्मनीच्या कील शहरातल्या माक कंपनीची डब्ल्यूडीएस-3 इंजिनं 1961 मध्ये भारतात आली. त्याच कंपनीच्या तंत्रावर पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूडीएस-4 तयार झालं. खूण सोपी आहे: चाकांच्या तीन जोड्या आणि त्यांना बांधणारा लोखंडी दांडा, अगदी वाफेच्या इंजिनासारखा. इंजिनाची ताकद हायड्रॉलिक यंत्रणेतून या दांड्यापर्यंत येते. अमेरिकेच्या अल्को घराण्यातल्या डब्ल्यूडीएस-6 ला असा दांडा नसतो. तिथे प्रत्येक आसाला विजेची मोटर असते.

मेकॅनिकलला असताना हे सगळं मी आकृत्यांत पाहिलं होतं. स्क्रूची कडी आवळायला माणसाला दोन बफरांच्या मध्ये वाकून शिरावं लागतं, हे मात्र त्या आकृत्यांत कुठेच नव्हतं. अमेरिकेत अशा अपघातांत इतके कामगार हातापायांना आणि जिवाला मुकले, की 1893 मध्ये कायदा करून आपोआप जुळणारे जोड सक्तीचे झाले.

धोका फक्त इतिहासातला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये बिहारच्या बरौनी स्थानकात शंटिंग सुरू असताना इंजिन आणि डब्याच्या मध्ये सापडून एका रेल्वे कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. सीबीसी आला म्हणून मधे शिरणं पूर्ण थांबत नाही. पंजा बाजूच्या दांड्याने सुटतो, पण ब्रेकच्या हवेचे पाइप अजून हातानेच जोडावे आणि सोडवावे लागतात.

10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेल्या मुंबई-शिर्डी वंदे भारतला दोन्ही टोकांना चालकाची केबिन आहे. तिथे इंजिन सोडवण्याचा प्रश्नच नाही. इंजिनवाल्या गाड्यांसाठी मात्र पॉइंट्समन आजही खाली उतरतो.