सातपुडा आणि तापी यांच्यामधली वाट

बऱ्हाणपुराहून अंकलेश्वराकडे जाणारा जुना राज्यमार्ग जळगाव जिल्ह्यात रावेर, सावदा, फैजपूर, यावल आणि चोपडा ही गावे घेत पश्चिमेस निघतो, अनेर ओलांडून धुळे जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो, शिरपुरास मुंबई-आग्रा महामार्गाला छेदतो आणि शहादा-तळोद्यावरून गुजरातेत उतरतो. तो तापीला समांतर असूनही नदीकाठाने जात नाही, की सातपुड्याच्या अगदी पायथ्यालाही लागत नाही. तापीचे काठ खोल गाळाचे, घळींनी चिरलेले. डोंगराच्या कुशीत दगडगोट्यांचा असा पट्टा, की सुकी, मोर, अनेर या नद्यांचे पुष्कळसे पाणी तेथेच जमिनीत मुरते. या दोहोंमधल्या सुपीक काळ्या जमिनीत विहिरींना पाणी लागले, कसबे वसले आणि ते जोडीत ही वाट गेली.

सुरतेचा माल बऱ्हाणपुरी नेणारे मोगल अमदानीतले तांडे नंदुरबार, थाळनेर, चोपडा याच बाजूने जात, आणि 1615 साली शाहजादा परवेझच्या भेटीस निघालेला इंग्रज वकील सर टॉमस रो हाही याच मुलखातून गेला. पुढे लोहमार्ग आला, परंतु भुसावळ-खांडवा फाटा रावेर-सावद्यावरून उत्तरेस वळला आणि सुरतेचा फाटा तापीच्या दक्षिणेने गेला. यावल, चोपडा, शिरपूर यांच्या वाट्याला आगगाडी आलीच नाही, आणि एस.टी. व मालमोटार हाच तेथील रयतेचा आधार राहिला. डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, ते याच मार्गावरील फैजपुरास.

केळीच्या हंगामात हा रस्ता जवळून पाहावा. बागेतून कापलेले घड मजूर डोक्याखांद्यावरून बांधापर्यंत आणतात, आणि केळीच्याच पाल्याची गादी घातलेल्या गाडीत ते हळुवार रचले जातात. कारण हिरव्या सालीला बसलेला धक्का त्या दिवशी दिसत नाही, तो फळ पिकल्यावर काळा डाग होऊन उमटतो, आणि त्या डागापायी भाव पडतो. खानदेशच्या केळउत्पादकाला रस्त्यावरचा खड्डा असा थेट खिशातून भरावा लागतो.

म्हणून बांधकाम खात्याला विनंती एवढीच, की या मार्गाचे रुंदीकरण करताना, पाणी तुंबून खड्डे पडू नयेत यासाठी, पुलांच्या मोऱ्या आखडत्या घेऊ नयेत, आणि माल भरण्यासाठी थांबणाऱ्या गाड्यांना कडेची पक्की पट्टी अवश्य ठेवावी.