निर्वात काच : समज आणि वस्तुस्थिती

मुंबई-पुणे महामार्गापासून गोव्याची वाट जेथे फुटते, त्या पळस्पे फाट्याच्या आसमंतात भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना, घर घेणाऱ्या गृहस्थाच्या कानी दुहेरी काचेच्या खिडकीची महती वारंवार पडते आणि तिच्यामागोमाग ‘आत व्हॅक्यूम असतो, उष्णता शिरतच नाही’ ही ग्वाहीही दिली जाते. या ग्वाहीतील दोन्ही विधाने तपासून पाहण्याजोगी आहेत.

सर्वसाधारण दुहेरी काचेत निर्वात पोकळी मुळीच नसते. तिच्या दोन काचांमध्ये बहुधा बारा मिलिमीटरांचे अंतर असून त्यात कोरडी हवा किंवा आरगॉन वायू भरलेला असतो, आणि ओलावा शोषून घेणारे दाणे कडेच्या पट्टीत घातलेले असतात. तेथील हवा खरोखरच काढून घेतली, तर दर चौरस मीटरला सुमारे दहा टन इतका वातावरणाचा भार दोन्ही बाजूंनी पडून काचा आत वाकतील आणि फुटतील.

खरी निर्वात काच ही निराळी वस्तू आहे. तिची कल्पना जर्मनीत झोलर यांच्या 1913 च्या पेटंट-अर्जात नमूद आहे. परंतु ती प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय सिडनी विद्यापीठातील रिचर्ड कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1989 साली मिळाले आणि नंतरच्या दशकात निप्पॉन शीट ग्लास या जपानी कंपनीने ती ‘स्पेशिया’ नावाने बाजारात आणली. कल्पना आणि सिद्धी यांत पाऊणशे वर्षे लोटली. याचे कारण असे की थर्मासच्या गोल भिंती जो भार अंगच्या वक्रतेने पेलतात, तो सपाट काचेला पेलता येत नाही. म्हणून दोन काचांमध्ये अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे, डोळ्यांस जेमतेम दिसणारे खांब दोन-तीन सेंटिमीटरांवर ओळीने मांडावे लागतात आणि त्यांतील प्रत्येकाच्या माथी काही किलोंचा भार कायमचा येतो.

पोकळी जितकी रुंद तितकी काच गुणी, हाही एक समज आहे. येथे पोकळी असते अवघी 0.2 मिलिमीटर, आणि तेवढी पुरते. कारण दाब वातावरणाच्या दशलक्षांशापर्यंत उतरला की उरलेसुरले रेणू एकमेकांना न भेटता थेट काचेवरच आदळतात आणि उष्णतेचे वहन जवळजवळ थांबते. मात्र पोकळी इतकी अरुंद असल्यामुळे काच कमालीची सपाट असावी लागते. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाटी साधणारा फ्लोट पद्धतीचा कारखाना पळस्प्याच्याच पनवेल तालुक्यात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, गेल्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला होता, याचे स्मरण येथे अवश्य ठेवावे.

हवा ओढून घेतली की काम झाले, असे मानणे ही तर कारागिरीची अवहेलनाच होय. कडा सांधण्यासाठी काचेचीच भुकटी सुमारे 450 अंश सेल्सियसला वितळवतात. हवा काढताना काच पुन्हा तापवून तिच्या पृष्ठभागाला चिकटलेली वाफ आणि वायू हुसकून लावावे लागतात. शिवाय पुढे अनेक वर्षे झिरपत राहणारे वायू गिळण्यासाठी ‘गेटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शोषक द्रव्याची तजवीज आत करून ठेवावी लागते. एवढ्या उष्णतेत, खास बळकट केलेल्या ‘टफन्ड’ काचेचे बळ बरेचसे ओसरते. म्हणून जेथे अशी बळकट काच लागते त्या उंच मजल्यांसाठी कमी तापमानाला सांधणाऱ्या द्रव्यांचा शोध हा या उद्योगाचा मोठा विषय झाला आहे.

आता ‘उष्णता शिरतच नाही’ हे दुसरे विधान. निर्वातातून प्रारण सुखेनैव जाते, आणि सूर्याची उष्णता प्रारणरूपानेच येते. बाहेर 35 आणि वातानुकूलित खोलीत 25 अंश तापमान धरले, तर साध्या एकेरी काचेतून तापमानातील फरकामुळे दर चौरस मीटरला सुमारे 57 वॅट उष्णता आत येते. चांगली निर्वात काच हा आकडा दहाच्या आसपास आणते. पण पश्चिमेच्या आडोसा नसलेल्या खिडकीवर उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहरी दर चौरस मीटरला 500 वॅट ऊन पडत असेल, तर स्वच्छ काच त्यातील सुमारे 400 वॅट आत सोडते, मग तिच्यामागे निर्वात असो वा नसो! ते रोखतो तो काचेवरील धातूचा सूक्ष्म लेप, आणि त्याहूनही स्वस्तात, खिडकीबाहेरचा आडोसा. युरोपातील हिवाळ्यासाठी ज्या काचेची थोरवी गायिली जाते तीच कोकणच्या उन्हाला जशीच्या तशी लागू करणे मला सर्वस्वी गैर वाटते.

महामार्गावरील ट्रकांचा आवाजही निर्वाताने पूर्ण थांबत नाही; तो खांबांतून, कडांतून आणि चौकटीच्या फटींतून येतच राहतो.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी वाचकांनी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : काचेचे यू-मूल्य (तापमानातील फरकामुळे ती किती उष्णता आत सोडते), सौर उष्णता गुणांक (उन्हाच्या उष्णतेचा किती भाग ती आत सोडते) आणि पोकळी निर्वात राहण्याची हमी किती वर्षांची आहे तो तपशील. आणि पश्चिमेच्या खिडकीला छज्जा किंवा बाहेरची झडप नसेल, तर पहिला खर्च त्यांपैकी एकावर करावा.