पित्ताची पिशवी काढली, तरी पोट का दुखते?

“सिस्टर, पिशवी काढून सहा महिने झाले, दुखणं मात्र तिथंच आहे.” हुडकेश्वरच्या वस्त्यांत हे मी अनेक घरांत ऐकते. घरचे म्हणतात, आता दुखायला उरलंच काय? मग बाई गप्प बसते, दुकानातून दुखण्याची गोळी आणते आणि कामावर जाते.

दुखायला पुष्कळ उरलेले असते. पित्त यकृतात तयार होते, पिशवी ही फक्त त्याची साठवण. ती काढली तरी पित्त आतड्याकडे नेणारी नळी जागेवरच राहते.

दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया आपल्या देशात प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. तिच्यात पोट गॅसने फुगवतात, म्हणून दोन-चार दिवस उजवा खांदा दुखतो. टाक्यांची जागाही काही आठवडे ओढल्यासारखी वाटते. त्याला घाबरायचे कारण नाही.

पण पहिल्या आठवड्यातच पोट फुगत गेले, ताप आला, दुखणे वाढत राहिले, तर पित्त आत गळत असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्यांनी, वर्षांनी बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल, डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप असेल, तर नळीत खडा अडकला असेल. रक्ताची लिव्हर तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर एमआरसीपी केल्यावर ते कळते. खडा बहुतेक वेळा तोंडातून दुर्बीण घालून काढता येतो, पोट पुन्हा फाडावे लागत नाही.

काहींचे दुखणे मुळात पिशवीचे नसतेच. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून पिशवी निघाली, दुखत होता तो अल्सर किंवा आतड्याचा त्रास. त्यात उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या! त्यांनीच जठराला जखम होते.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती फार कमी ठिकाणी विचारली जाते. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. विदर्भात बौद्ध समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यांच्या रंगद्रव्याचे खडे होतात, तेही कमी वयात. विशी-पंचविशीतल्या मुलीची पिशवी काढली आणि सिकलसेलची तपासणीच झाली नाही, तर अर्धेच निदान झाले असे मी म्हणेन. पिशवी गेल्यावरही पेशी फुटतच राहतात, नळीत नवा खडा होऊ शकतो, आणि सिकलसेलचा झटकाही पोटातच दुखतो. डोळे तर अशा मुलांचे एरवीही पिवळट असतात, त्यामुळे घरचे फसतात. नेहमीपेक्षा जास्त पिवळे झाले का, एवढे पाहा.

हुडकेश्वरहून मेडिकल आणि तुकडोजी पुतळा चौकाजवळचे सुपर स्पेशालिटी जवळच पडते. जाताना डिस्चार्ज कार्ड, जुनी सोनोग्राफी आणि काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट न्या. तो रिपोर्ट घेतलाच नसेल तर जिथे ऑपरेशन झाले तिथे मागा, तो तुमचा हक्क आहे. डॉक्टरांना “पोट दुखते” एवढेच सांगू नका. जेवणानंतर किती वेळाने, किती तास, रात्री झोपेतून उठवते का, तेही सांगा. खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. स्वतःची करताना मुलांचीही करून घ्या.