तेलगळती, भरपाई आणि स्थानिक सत्ता

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार ठार झाले आणि विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली. घटना अमेरिकेतली. परंतु तिच्यानंतर आलेल्या पैशाची वाट आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगी आहे. कारण निधी स्थानिक संस्थेच्या हाती गेला की तो पीडितांपर्यंत पोचतोच, अशी एक भाबडी समजूत आपल्यातही आहे.

आधी यंत्रणा पाहू. एरवी असा दंड केंद्राकडे जमा होतो. २०१२ च्या ‘रिस्टोर’ कायद्याने जलप्रदूषणाच्या दंडापैकी ८० टक्के रक्कम आखाताकाठच्या पाच राज्यांसाठी राखून ठेवली. २०१६ च्या तडजोडीत बीपी कंपनीचा हा दंड साडेपाच अब्ज डॉलर ठरला. तो २०३१ पर्यंत हप्त्यांनी द्यायचा आहे. राखीव निधीतील ३५ टक्के पाचही राज्यांत समान वाटले जातात. फ्लोरिडात हा वाटा थेट २३ काउंट्यांना मिळतो. लुइझियानात ७० टक्के राज्याच्या किनारा-मंडळाकडे आणि ३० टक्के २० पॅरिशांकडे जातात. पॅरिश म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद.

पॅरिशांमधील वाटणीचे सूत्र असे : ४० टक्के भार तेल लागलेल्या किनाऱ्याच्या लांबीला, ४० टक्के लोकसंख्येला, २० टक्के जमिनीच्या क्षेत्राला. या सूत्रात किनारा मोजला, डोकी मोजली, जमीन मोजली. बुडालेला रोजगार कुठे मोजला? तेल किनाऱ्याला लागू नये म्हणून २०१० साली लुइझियानात नदीचे गोडे पाणी खाडीत सोडले गेले. त्या पाण्याने कालवे मोठ्या प्रमाणावर मेली. कालवे काढून पोट भरणाऱ्याचा धंदा बुडाला, पण किनाऱ्याच्या मोजपट्टीवर त्याची नोंद होत नाही.

खर्चाची यादीही ऐसपैस आहे. पाणथळीची दुरुस्ती आणि पूरसंरक्षण तीत आहेच. त्याबरोबर बंदराच्या सोयी आणि पर्यटनाची जाहिरातही आहे. प्रत्येक पॅरिशने आराखडा करायचा, तो किमान ४५ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवायचा, मग केंद्रीय अर्थखात्याची संमती घ्यायची आणि प्रत्येक कामासाठी स्वतंत्र अर्ज करायचा. प्रशासनावर ३ टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. ज्या संस्थेकडे स्वतःचे अभियंते आणि हिशेबनीस नाहीत, तिला ही वाट चढणीची जाते.

आणि ही स्थानिक संस्था तरी कोणाची? प्लॅकमिन्स पॅरिशमध्ये आयर्नटन ही गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी वसवलेली वस्ती आहे. वंशभेदाचा उघड पुरस्कर्ता लिअँडर पेरेझ याची त्या पॅरिशवर अनेक दशके सत्ता होती. आयर्नटनला नळाचे पाणी मिळाले ते १९८० साली! चवदार तळ्याच्या वारसांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मुद्दा आजच्या पदाधिकाऱ्यांच्या नियतीचा नाही. निधी ज्या हातात पडतो त्या हाताला इतिहास असतो, हा मुद्दा आहे.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला, तो याच जाणिवेतून. माझ्या गावच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के खर्च दरवर्षी दिसे. आमच्या वस्तीतली गटार मात्र उघडीच राहिली.

म्हणून सत्तेच्या विकेंद्रीकरणाला माझा विरोध नाही. दूरच्या राजधानीपेक्षा जवळच्या कचेरीला जाब विचारणे सोपे असते. पण जाब विचारायचा तर सूत्र ठरतानाच तिथे हजर राहिले पाहिजे. हरकतींचे ४५ दिवस हे कागदावरचे कलम आहे; ते वस्तीत, वस्तीच्या भाषेत वाचून दाखवणारा कोणी असेल तरच ते हत्यार होते. हे काम शिकलेल्या आपल्या पिढीचे आहे.