इतवारीत राहून मराठी येते का?

एम्स, आयआयएम, व्हीएनआयटी, बँका, रेल्वे यांच्यामुळे नागपुरात अमराठी माणसं सतत येत असतात. त्यातल्या कुणी मनापासून मराठी शिकायचं ठरवलं, की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे इतवारी-महाल या जुन्या वस्त्यांतल्या एखाद्या मराठी घरात राहायला जा, आपोआप बोलू लागशील. दुसरा म्हणजे घरात कोंडून कशाला घेतोस, एसटीनं विदर्भ पालथा घाल, भाषा फिरण्यातूनच येते. दोन्ही सल्ले आपुलकीनं दिलेले असतात. पण दोन्हींच्या पोटात काही गैरसमज आहेत, आणि ते सर्वांत उघडे पडतात ते इतवारीतच.

गैरसमज : मराठी मुलखात राहिलं की मराठी कानावर पडून येतेच.

वस्तुस्थिती अशी की इतवारीत जन्म काढूनही मराठी न बोलणारी माणसं आहेत, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. शहीद चौकातून सराफ्यात शिरा, तिथून धान्यबाजाराकडे किंवा मस्कासाथेकडे वळा. गादीवर बसलेला शेठ, त्याचा मुनीम, दलाल, पाठीवर कट्टा घेतलेला हमाल या सगळ्यांचा व्यवहार हिंदीत चाललेला ऐकू येतो. व्यापारी मारवाडी, गुजराती, जैन, बोहरा, सिंधी. कामकऱ्यांत छत्तीसगडकडचे बरेच. गिऱ्हाईक भंडारा-गोंदियाचं तसंच बालाघाट-छिंदवाड्याचंही. या सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं आणि त्या प्रांताचा मोठा भाग हिंदी भाषक होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, पण बाजाराची जीभ त्या तारखेला बदलली नाही. आजही दोन मराठी माणसं इतवारीच्या दुकानात समोरासमोर आली, तर पहिलं वाक्य बहुधा हिंदीच निघतं.

अशा बाजारात मराठीचे वीसेक शब्द पुरतात. त्यापलीकडे जायची गरजच पडत नाही, आणि गरज नसली की भाषा वाढत नाही. त्यातून नागपूरकर मनाचा उदार. समोरचा अडखळतोय असं दिसलं, की तो लगेच हिंदीवर येतो. शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण हा चांगुलपणाच आहे.

नुसतं कानावर पडणं किती अपुरं असतं, याचा पुरावा कॅनडात मिळतो. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत सगळं फ्रेंचमधूनच शिकवण्याचा प्रयोग झाला आणि तो देशभर पसरला. अशा मुलांना ऐकलेलं जवळपास फ्रेंच मुलांइतकं कळू लागलं, पण बोलताना व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. मेरिल स्वेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये याचं कारण मांडलं : मुलं ऐकत भरपूर होती, पण लांब, नेमकं बोलण्याची वेळ त्यांच्यावर फार कमी येत होती.

गैरसमज : घरगुती मुक्काम मिळाला, म्हणजे निम्मं काम झालं.

हा गैरसमज अभ्यासकांचाही होता. रशियात शिकायला गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची माहिती तपासून १९९८ मध्ये विल्यम रिव्हर्स यांनी दाखवलं, की कुटुंबात राहिलेल्यांची बोलण्यातली प्रगती वसतिगृहात राहिलेल्यांपेक्षा कमी होती; वाचनात मात्र ते पुढे होते. २००४ मध्ये बार्बरा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच शिकणाऱ्या तीन गटांची तुलना केली. एक गट आपल्याच कॉलेजात नेहमीच्या वर्गाला जाणारा, दुसरा फ्रान्समध्ये राहिलेला, आणि तिसरा अमेरिकेतच, पण जिथे दिवसभर फ्रेंचच बोलायचं अशा उन्हाळी शिबिरातला. बोलण्याच्या ओघात सर्वांत पुढे गेला तो तिसरा गट, कारण तो रोज सर्वांत जास्त तास फ्रेंच वापरत होता. फ्रान्समधले विद्यार्थी वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होते.

इतवारीतल्या घराला हेच लागू होतं. पाहुण्यानं वरच्या खोलीत राहायचं, सकाळी पोहे खाऊन बाहेर पडायचं, रात्री आठला टीव्हीसमोर ताट घ्यायचं आणि घरच्यांनी त्याच्याशी हिंदीत बोलायचं, असं चाललं तर ते घर म्हणजे जेवणासह भाड्याची खोली. घराचा खरा उपयोग होतो तो स्वयंपाकघरात आणि ओसरीवर, कारण तिथे रोज तीच माणसं, तेच विषय आणि तीच चूक पुन्हा पुन्हा पकडली जाते.

हिंदी बोलणाऱ्याच्या चुका ठरलेल्या असतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून तो ‘माझा घर’ आणि ‘माझी पुस्तक’ म्हणतो. दुकानदार हे ऐकून घेतो, त्याला माल विकायचा असतो. घरातली सात वर्षांची पोरगी ऐकून घेत नाही. ती खुदकन हसते आणि ‘माझं पुस्तक’ असं तीनदा म्हणवून घेते. दुसरी चूक याहून नाजूक. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत समोरच्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. ताटं मांडली जात असताना पाहुणा म्हणतो, “काकू, आम्ही जेवू?” काकू म्हणते, “जेवा ना, मी मागून बसते.” त्याला म्हणायचं असतं सगळ्यांनी मिळून. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसलेली आजी तेवढ्यात सांगते, “आपण जेवू म्हण बावा. काकूले काहून वगळून राह्यला?” त्या रात्रीनंतर तो फरक त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही. गावोगाव फिरताना हे कोण सांगणार? एसटीतल्या सहप्रवाशाला तुम्ही त्याला वगळलं तरी चालतं, तो पुढच्या थांब्यावर उतरणार असतो.

माझं स्पष्ट मत आहे, की घर निवडताना खोली आणि स्वयंपाक पाहण्याआधी घरात आजी-आजोबा आहेत का ते विचारावं. त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांना पाहुण्यावर आपल्या हिंदी-इंग्रजीचा सराव करायचा नसतो. ज्या घरात पाहुण्याच्याच वयाची मुलं आहेत आणि वडीलधारं कुणी नाही, तिथे संध्याकाळ बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीतच जाते.

जागाही पारखून घ्यावी. मुख्य बाजारावरचं घर टाळावं. टिमकी, तांडापेठ, नाईक तलाव हा हलबा-कोष्टी विणकरांच्या जुन्या वस्तीचा पट्टा इतवारीपासून पायी जाण्याइतका जवळ आहे. तिथल्या गल्ल्यांत मुलांना हाक मारण्यापासून नळावरच्या भांडणापर्यंत मराठी कानावर येते. काही मिनिटांच्या अंतरावर भाषा बदलते, हे शहर न फिरलेल्याला खरं वाटत नाही.

शिवाय घराच्या जोडीला वर्ग हवाच. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे विद्यार्थी कुटुंबांत राहतात आणि रोज वर्गातही बसतात. घरात ऐकलेलं दुसऱ्या दिवशी शिक्षकाला विचारता आलं, तरच ते पक्कं होतं.

गैरसमज : नागपूरची मराठी बिघडलेली, शिकायची तर पुण्यातच शिकावी.

हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण हे अनेकदा नागपूरकरच सांगतात. ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राह्यलो’ ही रूपं चुकून झालेली नाहीत, त्यांना स्वतःचा काटेकोर नियम आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला वाहिलेल्या १९०५ च्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची रीतसर नोंद आहे. मराठीचा आद्य गद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, आणि राज्याचं मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच उभं राहिलं आहे.

अर्ज, परीक्षा आणि कार्यालयासाठी प्रमाण मराठी लागते, हेही तितकंच खरं. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. घरात येणारा ‘लोकमत’ किंवा ‘तरुण भारत’ रोज आजोबांसमोर मोठ्यानं वाचावा. बोलण्यात बोली आणि वाचनात प्रमाण असा जोड नागपूरकर लहानपणापासून सांभाळतो. पाहुण्यालाही तो जमतो.

गैरसमज : फिरण्यातून भाषा येते.

फिरण्यात पहिली दहा वाक्यं पक्की होतात. नाव काय, कुठून आलात, गाडी केव्हा, भाडं किती. अकरावं वाक्य सुरू होण्याआधी गाव बदलतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. प्रवासातून भाषा शिकल्याचा दाखला म्हणून विनोबांचं नाव घेतलं जातं. पण विनोबांनी दक्षिणेच्या चारही भाषा अभ्यासल्या त्या चाळीसच्या दशकात वेल्लोरच्या तुरुंगात बसून. भूदान पदयात्रा त्यानंतरची, १९५१ पासूनची. बैठक आधी झाली, वाट नंतर. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाई साठच्या दशकात फलटणला आल्या, त्या एकाच गावाच्या बोलण्याचा अभ्यास करून त्यांनी १९७३ मध्ये पीएच.डी. मिळवली, आणि पुढे तिथेच घर केलं. जाई निंबकरांबरोबर त्यांनी केलेल्या मराठीच्या पुस्तकांवर कितीतरी परदेशी विद्यार्थी शिकले. महाराष्ट्र पालथा घालूनही हे साधलं नसतं.

तरी प्रवासाला कमी लेखू नये. एका घराची मराठी म्हणजे चार-पाच माणसांची मराठी. तिच्याबाहेर कान अडतोच. तीन-चार महिने घरात काढून बोलणं सुटं झालं, की मग निघावं आणि एकेका ठिकाणी आठवडाभर तरी थांबावं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत जावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत मंडई नावाची जत्रा भरते आणि वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र रात्र चालतात. हजारो माणसं हसतात तिथे आपल्यालाही हसू आलं, तर भाषा आली असं खुशाल समजावं. इतवारीहून तिकडे नागभीडला जाणारी छोटी रेल्वे ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये बंद झाली. वडशाला गोंदिया–बल्लारशा मार्गावरची गाडी किंवा एसटी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र कुठेही जाऊ नये. त्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या तोंडी घातलेल्या घोषणांतलं राजकारण घरातल्या कुणाकडून समजून घेण्यासारखा धडा दुसरा नाही.

गैरसमज : महिनाभर पुरतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी भाषकाला मराठीसारख्या भाषेत कामापुरतं प्रावीण्य यायला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास वर्ग लागतात. हिंदी भाषकाला लिपी आणि बरेच शब्द आधीच येत असल्यानं वेळ पुष्कळ कमी लागतो, तरी महिन्याभराचा हिशेब कुणाचाच बसत नाही. जर्मनीला निघालेल्या आपल्या मुलांनीही हे लक्षात घ्यावं. तिथे जर्मन कुटुंबात राहून मुलं सांभाळायची ‘ओ पेअर’ योजना २७ वर्षांखालच्यांसाठी आहे, आणि त्यासाठी जर्मनची ए-१ पातळी आधीच यावी लागते. चार मराठी मुलांनी मिळून घर घेतलं आणि शनिवार-रविवार युरोप पाहिला, तर फोटो भरपूर येतात, जर्मन येत नाही.

यजमानांसाठी दोन गोष्टी. पाहुणा परदेशी असेल, तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करणं कायद्यानं बंधनकारक आहे. ओळखीचा आहे म्हणून ती टाळू नका. पैशांचं आणि घरी यायच्या वेळेचं पहिल्या दिवशीच बोलून घ्या, म्हणजे पुढे संकोच राहत नाही.

आणि इतवारीतल्या प्रत्येक मराठी दुकानदाराला, शेजाऱ्याला, काकूला एक विनंती आहे. कुणी अमराठी माणूस तुमच्याशी तुटक मराठीत बोलू लागला, तर त्याला वाक्य पुरं करू द्या आणि उत्तर मराठीतच द्या, हळूहळू द्या, पण मराठीतच द्या.