रस्ता वर, घर खाली : मग खर्च कोणाचा?

गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी हवं, ते आम्ही वहीत लिहून घेतो. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, लेकराची फी, दवाखाना. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र आमच्या एका गटाच्या वहीत नवंच कारण आलं : घराची जमीन उचलण्यासाठी.

त्या ताईंच्या घरासमोर उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता झाला. नारळ फुटला, पेढे वाटले. पहिल्या मोठ्या पावसात गल्लीचं पाणी उंबरा ओलांडून घरात आलं आणि ज्वारीची दोन पोती भिजली. मग मुरूम टाकून घराची जमीन वर घ्यावी लागली. दार कापून लहान करावं लागलं. एकीनं विचारलं, "अहो, रस्ता तर फुकट झाला होता ना?" त्या म्हणाल्या, "रस्ता सरकारनं केला, पण त्याचे हप्ते मी फेडतेय."

म्हणून आज आपण एवढंच समजून घेऊ, की घरासमोरच्या रस्त्याचा पैसा येतो कुठून, तो वाढतो का, आणि रस्ता होण्याआधी आपण काय विचारायचं.

गावात रस्त्यासाठी पैसा दोन-तीन वाटांनी येतो. आमदार निधी, जिल्हा परिषदेची योजना, वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीची वाटणी ठरवून दिली होती : 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी, उरलेले 40 टक्के गावाच्या इतर गरजांसाठी. रस्ता या 40 टक्क्यांत बसायचा आणि नाली, सांडपाण्याचं काम 60 टक्क्यांत बसू शकायचं. हे लक्षात ठेवा. "रस्त्याला पैसा होता, नालीला नव्हता" असं कोणी म्हटलं, तर पुढचा प्रश्न आपल्याला विचारता आला पाहिजे.

दुसरी वाट म्हणजे आपली घरपट्टी. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायत घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी असे कर घेते. कोणाचं घर केवढं आणि त्यावर कर किती, हे नमुना नंबर 8 मध्ये लिहिलेलं असतं. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते आणि तेव्हा हरकत घेता येते. मुदत नोटिशीतच दिलेली असते. पण नोटीस घरमालकाच्या नावानं येते. 2003 सालीच शासनानं सांगितलंय, की गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावा. आपलं नाव नमुना 8 वर आहे का, हे आधी बघा.

आपल्यातल्या काही जणींची घरं, दुकानं बाजाराच्या गावी आहेत. गंगाखेड, सेलू, पाथरी, मानवत, जिंतूर इथं नगरपरिषद आहे, परभणीत 2011 पासून महानगरपालिका. तिथं मालमत्ता कर असतो. त्याशिवाय रस्ता सुधारला म्हणून घरमालकाकडून वेगळा वाटा घेण्याचीही सोय कायद्यात आहे. 1966 च्या नगररचना कायद्यात नगररचना परियोजना नावाचा प्रकार आहे. त्यात रस्ते, नाल्या आखल्या, की प्लॉटचं मोल वाढतं आणि त्या वाढीतून खर्चाचा वाटा घेतात. पण त्याला मर्यादा आहे : वाढलेल्या मोलाच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. समजा, चार लाखांचा प्लॉट सहा लाखांचा झाला. वाढ दोन लाखांची, म्हणजे वाटा जास्तीत जास्त एक लाख. अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत तर रस्त्याकडेला ज्याचं घर जितकं लांब, त्या मापानं खर्च वाटून देतात.

आपल्याकडे जास्त दिसते ती गुंठेवारी. शेताचे तुकडे करून विकलेले प्लॉट, जिथं रस्ताही कच्चा आणि नालीही नाही. 2001 च्या कायद्यानं असे प्लॉट नियमित करता येतात. 2021 मध्ये कायदा बदलला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली. त्यासाठी प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरावा लागतो. हा पैसा त्या वसाहतींतल्या रस्ता, नाली, पाणी अशा सोयींसाठीच असतो. म्हणून पावती जपून ठेवा. रस्ता मागायला गेलात, की तीच पावती पुढं करा.

आता खर्च वाढतो का, ते पाहू. पहिलं कारण आपल्या पायाखाली आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसतं सिमेंट ओतलं, तर रस्ता दोन-तीन वर्षांत तडकतो. माती खोदून काढायची, मुरूम-गिट्टी भरून दाबायची, मग वर काँक्रीट. हे खोदकाम महाग असतं, म्हणून तेच वगळलं जातं.

दुसरं कारण माप. 100 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धा फूट जाड रस्त्याला 60 घनमीटर काँक्रीट लागतं. आपल्या भाषेत सुमारे 21 ब्रास. तोच रस्ता 10 सेंटिमीटरचा केला, तर 14 ब्रास. सात ब्रासचा फरक! वरून पाहिलं तर दोन्ही रस्ते सारखेच दिसतात.

तिसरं कारण कर. सरकारी कामाच्या ठेक्यावर जीएसटी आधी 12 टक्के होता, जुलै 2022 पासून 18 टक्के झाला. दहा लाखांच्या कामावर 60 हजार रुपये नुसते करात वाढले. निधी तेवढाच राहिला, तर काहीतरी कापलं जातं. बहुतेक वेळा कापली जाते ती नाली.

आणि चौथं कारण म्हणजे थरावर थर. जुना रस्ता न खरवडता त्यावर नवा टाकला, की ठेकेदाराचं काम सोपं होतं. पण प्रत्येक वेळी रस्ता अर्धा फूट चढतो. तीन वेळा झाला, की दीड फूट. उंबरा तिथंच राहतो. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. तो थेट आपल्या गटाच्या वहीत येतो.

आधी विचारलं नाही, तर नंतर केवढं भरावं लागतं, हे कोल्हापूरनं पाहिलंय. तिथं शहरातल्या सुमारे 49 किलोमीटर रस्त्यांचं 220 कोटींचं काम खासगी कंपनीला दिलं आणि ते पैसे टोलमधून वसूल करायचं ठरलं. 2013 मध्ये टोल सुरू झाला आणि लोक चिडले : आपल्याच गावात शिरायला पैसे का, आणि कामं तरी पूर्ण कुठं झाली? मोठी आंदोलनं झाली, बायाही मोर्चात उतरल्या. 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाला. पण कंपनीला द्यायची रक्कम साडेचारशे कोटींच्या घरात गेली आणि ती सरकारी तिजोरीतूनच जाणार होती. तिजोरीत पैसा कोणाचा असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

मग आपण काय करायचं? वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. घर नावावर नसलं, तरी मतदार म्हणून तिथं बोलायचा हक्क आहेच. रस्त्याचा विषय निघाला, की चार प्रश्न विचारा आणि ते ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला लावा.

एक, अंदाजपत्रक किती रकमेचं आणि त्यात खोदकाम धरलंय का? दोन, रस्त्याची नवी उंची सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्यापेक्षा खाली राहणार का? तीन, नाली रस्त्याआधी होणार का, आणि तिचं पाणी शेवटी जाणार कुठं? चार, काम खराब झालं, तर किती वर्षं ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं?

शहरात हेच प्रश्न नगरसेवकाला आणि मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. कागद मिळत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही खर्च नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका, या तीन कागदांच्या प्रती मागा. काम चालू असताना कडेच्या लोखंडी पट्टीची उंची टेपनं मोजा. शिलाईचा टेप चालतो. आणि काँक्रीटवर दोन आठवडे पाणी मारतात का, तेही बघा.

आपल्याही काही चुका आहेत. ओटा रस्त्यावर आपणच वाढवतो, न्हाणीचं पाणी रस्त्यावर आपणच सोडतो, घरपट्टी तीन-तीन वर्षं थकवतो. मग ग्रामपंचायत म्हणते, पैसाच नाही, आणि आपल्याला बोलायला तोंड राहत नाही. घरपट्टी भरलेली पावती हातात असली, की सभेत आवाजही वेगळा निघतो.

त्या ताईंचे अजून सात हप्ते बाकी आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीचा रस्ता आता मंजूर झालाय. यावेळी महिला सभेला त्या टेप घेऊन गेल्या होत्या आणि उंबऱ्याच्या उंचीचा मुद्दा ठरावात लिहून घेऊनच परत आल्या. तुमच्या गल्लीचा रस्ता निघाला, तर नारळ फुटायच्या आधी तुम्हीही जा. एकटीनं नको, अख्ख्या गटानं जा.