परत खरेदीची हमी : एक सावधगिरीची सूचना

बैल, बी अथवा अवजार विकत घेतांना आमचा शेतकरी सहसा फसत नाहीं. बैलाचे दांत पाहिल्यावांचून तो रुपया सोडीत नाहीं, आणि गारगोटीच्या बाजारांत तराजूची दांडी कोणीकडे कलते हें त्यास दुरून कळतें. परंतु विकणारा गृहस्थच जेव्हां "तुमच्याकडे होईल तो सर्व माल आम्हीच चढ्या भावानें परत घेऊं" असें म्हणतो, तेव्हां हाच चतुर मनुष्य डोळे मिटून पैसे मोजतो. ह्या फसवणुकीचें स्वरूप वाचकांपुढें मांडावें, असा आमचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. शेजारच्या सांगली जिल्ह्यांत इस्लामपूर येथें महारयत ॲग्रो नांवाची कंपनी निघाली. शेतकऱ्यानें आगाऊ रक्कम भरावी, कंपनीनें कडकनाथ जातीचे पक्षी द्यावे, आणि अंडीं व कोंबड्या कंपनीनेंच बाजाराहून कितीतरी अधिक दरानें घ्याव्या, असा तो व्यवहार होता. सांगली, कोल्हापूर, सातारा वगैरे जिल्ह्यांतील पुष्कळांनीं त्यांत पैसे घातले. २०१९ च्या ऑगस्टच्या सुमारास कारभार बंद पडला. खाद्य येईना, अंडीं उचलण्यास कोणी फिरकेना, आणि कबूल केलेले पैसे मिळेनात. पुढें संचालकांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यांत आला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कडकनाथ ही जात खोटी नव्हे. मध्यप्रदेशांतील झाबुआकडील ही काळ्या मांसाची कोंबडी प्रसिद्ध असून २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पक्षी खरा होता. भाव मात्र खरा नव्हता. खाणारा मनुष्य ज्या दरानें अंडें घेत नाहीं, तो दर कोठून तरी यावयास हवा. अशा योजनांत तो नव्या सभासदाच्या आगाऊ रकमेंतून येतो.

आतां हिशेब करूं. समजा, प्रथम १० शेतकऱ्यांनीं पक्षी घेतले, आणि त्यांच्याकडील पिलें खपविण्यास प्रत्येकामागें १० नवे शेतकरी लागले. दुसऱ्या फेरीस १००, तिसरीस १,०००, आणि सहावीस १०,००,००० शेतकरी पाहिजेत. इतके आणावयाचे कोठून? म्हणून अशी योजना मोडणें हा अपघात नसून तिचा ठरलेला शेवट होय. पहिल्यांस पैसे वेळेवर मिळतात हें खरें. पण तोच पुढच्यांस लावलेला गळ असतो.

हा प्रकार नवाही नाहीं. तमिळनाडूंत पेरुंदुराई येथील सुसी कंपनीनें शहामृगासारख्या इमू पक्ष्यांवर असाच डाव मांडला व तो २०१२ सालीं कोसळला. त्याच्या जाहिरातींत चित्रपटांतील नामांकित नट होते. त्याहून जुनें उदाहरण अमेरिकेंतील बोस्टन शहरचें. तेथें १९२० सालीं चार्ल्स पाँझी नामक इसमानें ४५ दिवसांत शेंकडा ५० नफा कबूल केला, आणि जुन्यांचें देणें नव्यांच्या पैशांतून भागविलें.

पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. कंपनीवांचून हा माल दुसरा कोण घेतो, आणि काय भावानें? भाव एवढा किफायतशीर असेल तर कंपनी स्वतःच पक्षी कां पाळीत नाहीं? कंपनीनें खरेदी थांबविली तर करारनाम्याप्रमाणें आपणांस भरपाई काय? आणि "उद्यां दर वाढणार, आजच भरा" अशी घाई कशासाठीं? पैकीं एकाचेंही उत्तर गुळमुळीत मिळाल्यास घरीं परतावें.

पुष्कळजण "कंपनी सरकारांत नोंदलेली आहे" एवढ्यावर भुलतात. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें ह्याविषयीं अधिकारानें सांगूं शकतों. अमुक दिवशीं अमुक इसमानें अमुक लिहून दिलें, एवढेंच नोंदणीनें ठरतें. तो शब्द पाळील कीं नाहीं, ह्याची हमी कोणताही शिक्का देत नाहीं.

फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प बसूं नये. पावत्या, करारनामा व बँकेचा उतारा घेऊन सर्वांनीं मिळून पोलिसांत फिर्याद द्यावी. ठेवीदारांच्या संरक्षणासाठीं राज्याचा १९९९ चा कायदा आहे. पैसे बुडविणाऱ्या संस्थेची मालमत्ता त्याखालीं जप्त करतां येते. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे.

परंतु जप्ती, लिलांव व वांटप ह्यांत वर्षें जातात, आणि कर्ज काढून पैसे भरले असतील तर व्याज त्यासाठीं थांबत नाहीं. पक्षी मेले, कंपनी बुडाली, तरी सातबाऱ्यावरील बोजा तसाच राहतो. म्हणून ज्या मालाला एकच गिऱ्हाईक, आणि तोही विकणाराच, त्यासाठीं वडिलार्जित जमीन तारण टाकूं नये, एवढीच आमची शेतकरी बांधवांस कळकळीची विनंति आहे.